जुनी फोर बाय फोर गाडी घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

प्रश्न: कच्ची_वाट

नमस्कार. १९६० किंवा १९७०च्या दशकातील एखादी जुनी फोर बाय फोर गाडी घेण्याचा माझा विचार आता पक्का झाला आहे. गाडी प्रदर्शनात मांडण्यासाठी नको आहे. कच्चे रस्ते, चढउतार आणि प्रसंगी पाणी ओलांडणे यासाठी ती नियमितपणे चालवायची आहे. त्यामुळे प्रत्येक स्क्रू मूळचा असावा असा आग्रह नाही, पण गाडी सुरक्षित असावी आणि पुढची काही वर्षे गॅरेजमध्येच पडून राहू नये, एवढी अपेक्षा आहे.

सध्या दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली लँड रोव्हर सिरीज थ्री, ८८ इंची व्हीलबेसची. तिला नुकताच नवा रंग दिलेला आहे, खालून सगळीकडे जाड काळा थर मारलेला आहे आणि इंजिन लगेच सुरू होते. दुसरी टोयोटा लँड क्रूझर एफजे४०. तिचा रंग विटलेला आहे, मागच्या चाकांच्या पाठीमागे गंज उघड दिसतो आणि इंजिन आयडलिंगला थरथरते, मात्र ती सुरुवातीपासून एकाच कुटुंबाकडे आहे आणि दुरुस्तीची बहुतेक बिले जपून ठेवलेली आहेत. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नाही.

माझे विचारणे असे की तपासणी कोणत्या क्रमाने करावी, कोणता दोष दिसला तर गाडीचा नाद सोडून द्यावा आणि कोणता दोष किंमत कमी करून घेण्यापुरता मानावा? मी मेकॅनिक नाही, पण हत्यारे हाताळता येतात.

प्रतिसाद: जुनापत्रा

तुमचे वर्णन वाचताना मी त्या जाड काळ्या थरापाशीच थांबलो, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळे सुटे करून टेबलावर घेता येते आणि दुरुस्त करून पुन्हा बसवता येते. चासीचे, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर उभी असते त्या सांगाड्याचे, तसे नाही. ती नीट दुरुस्त करायची तर उरलेली अख्खी गाडी तिच्यावरून उतरवावी लागते, आणि एकदा गाडी उतरवली की जो खर्च सुरू होतो त्याला अंत नसतो. म्हणून जुनी फोर बाय फोर पाहताना आधी चासी पाहावी, मग बॉडी, आणि इंजिनाचा आवाज अगदी शेवटी ऐकावा, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक लोक याच्या नेमके उलट करतात आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

लँड रोव्हर ॲल्युमिनियमची असल्यामुळे गंजत नाही, हा समज फार पसरलेला आहे. १९४८ मध्ये ती प्रथम बाजारात आली तेव्हा युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून बाहेरचे पत्रे बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूचे केले गेले आणि ती पद्धत पुढे चालू राहिली. चासी मात्र पोलादाचीच आहे, आणि इंजिन व बसण्याची जागा यांच्यामधली भिंत, म्हणजे बल्कहेड, तीही पोलादाचीच आहे. शिवाय जिथे पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून बसतात तिथे ओल साचली की ॲल्युमिनियम खाल्ले जाऊन पांढरी भुकटी पडू लागते. दारांचे खालचे काठ आणि पत्र्यांच्या सांध्यांवरच्या पोलादी पट्ट्या त्यासाठी अवश्य पाहाव्यात.

सिरीज लँड रोव्हरची चासी म्हणजे पोलादी पट्ट्या कडांवर जोडून केलेली पोकळ चौकोनी नळी. चिखल आणि पाणी आत शिरते, आतच राहते आणि धातू आतून बाहेर सडत येतो. बाहेरून गुळगुळीत दिसणारी चासी आतून कागदासारखी झालेली असू शकते, आणि नेमकी हीच अवस्था जाड काळ्या थराखाली झाकली जाते. सगळेच लोक फसवण्यासाठी तो थर देतात असे नाही, पण ताजा थर असलेल्या चासीबद्दल तुम्हाला काहीच कळत नाही, एवढे गृहीत धरून तपासणी करावी.

गाडी भक्कम घोडीवर (गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) किंवा खड्ड्यावर उभी करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. लहान हातोडी घेऊन चासीच्या दोन्ही मुख्य तुळया समोरून मागेपर्यंत वीतभर अंतरावर ठोकत जावे. चांगले पोलाद खणखणीत वाजते, सडलेले बद्द वाजते. हा फरक पहिल्या काही मिनिटांतच कानाला कळू लागतो. जिथे शंका येईल तिथे पेचकसाचे टोक जोर देऊन दाबावे. मागची आडवी तुळई, मागच्या ॲक्सलवर जिथे चासी वर वळते तो भाग, पाट्यांची (झटके झेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगांची) टोके ज्यांना जोडलेली असतात ते हँगर, पेट्रोलच्या टाकीच्या वरचा भाग आणि बॉडी पेलणारे बाजूचे हात ही तिची नेहमीची दुखरी ठिकाणे आहेत. पाट्यांच्या हँगरजवळ धातू सडलेला असेल तर तो दोष मी किरकोळ मानणार नाही, कारण ॲक्सल चासीला तिथेच धरलेला असतो.

जुन्या चासीवर वेल्डिंग असणे हा गुन्हा नाही. ते कसे केले आहे ते पाहावे. सडलेला भाग कापून काढून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा सलग शिवणीने जोडला असेल तर काम चांगले आहे. सडलेल्या पत्र्यावर थिगळ ठेवून चार टाके मारले असतील तर आतली सड तशीच चालू आहे, आणि थिगळावर थिगळ दिसले तर तिथून निघून यावे.

बल्कहेडमध्ये पाय ठेवायच्या जागेचा पत्रा, दारांच्या बिजागऱ्या बसतात ते खांब आणि त्या खांबांचे पाय पाहावेत. दार अर्धे उघडून हाताने हलके वर उचलावे; बिजागरीसोबत खांबच हलताना दिसला तर बल्कहेडचे काम निघाले असे समजावे. ते काम म्हणजे स्टिअरिंग, पेडल, वायरिंग, पुढची काच असे सगळे काढणे होय.

एक साधी सूचना. पुट्टी शोधण्यासाठी लोहचुंबक न्यावा, पण लँड रोव्हरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर तो मुळात चिकटतच नाही. तिथे तो फक्त बल्कहेड आणि चासीसाठी कामाचा आहे. एफजे४०चे छप्पर फायबरग्लासचे असते, पण बाकी बॉडी पोलादाची असल्यामुळे तिच्यावर तो सगळीकडे फिरवता येईल. तिच्या मागच्या कोपऱ्यांचा गंज उघड दिसतो आहे ही मला जमेची बाजू वाटते, कारण तो कुणी लपवलेला नाही.

प्रतिसाद: मंदगिअर

वरच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण शेवटच्या मुद्द्यावर सावध करतो. एफजे४०चा मागचा कोपरा आणि दाराखालची पेटी हे पत्र्यांच्या दुहेरी थरांचे असतात. बाहेर नाण्याएवढे भोक दिसते तेव्हा आत त्याच्या कितीतरी पट पत्रा गेलेला असतो. गंज लपवलेला नाही याचा अर्थ तो थोडा आहे असा होत नाही. मागच्या फळीखालची आडवी पट्टी, पुढच्या काचेच्या चौकटीचा खालचा काठ आणि मॅटखालची जमीन हे सगळे पाहून मगच तिला प्रामाणिक गाडी म्हणावे.

आता गाडी चालवून पाहण्याविषयी.

आपण येणार म्हणून इंजिन आधी तापवून ठेवू नये, असे मालकांना नम्रपणे कळवावे. पोहोचल्यावर पहिल्यांदा रेडिएटरला हात लावून तो थंड असल्याची खात्री करावी, कारण तापलेले इंजिन आपले बरेच दोष झाकते. थंड इंजिन सुरू करताना धुराकडे पाहावे. सुरू होताना निळसर धूर आला आणि विरला तर व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा गाइडमधून तेल उतरते आहे. चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर रिंग आणि बोअर झिजलेले असण्याची शक्यता जास्त. इंजिन तापल्यावरही दाट पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) याचे गॅस्केट किंवा हेडला गेलेला तडा शोधावा लागेल. तेल भरण्याचे झाकण इंजिन चालू असताना उघडावे. तिथून फुसफुस जोरात येत असेल तर ज्वलनाचा दाब रिंगांना ओलांडून खाली जातो आहे.

या काळातील अनेक पेट्रोल इंजिने शिसेयुक्त पेट्रोल गृहीत धरून बनवलेली होती. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण देत असे. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देशही २०२१ मध्ये थांबला, त्यामुळे हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवल्या आहेत का, हे मालकांना विचारावे. बसवल्या नसतील तर घाबरण्याचे कारण नाही, मात्र टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट वारंवार कमी होत असेल तर व्हॉल्व्ह बैठकीत रुतत चालला आहे असे समजावे. इथेनॉल मिसळलेल्या इंधनाने जुन्या रबरी नळ्या चिरतात, त्या सगळ्या बदलायच्या आहेत असे धरूनच हिशेब करावा.

गिअरबॉक्ससाठी एक खात्रीची परीक्षा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन चढावे, मग ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढावा. उतारावरही असेच करावे. गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होत असेल तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. सिरीज थ्रीमध्ये पुढच्या चारही गिअरना सिंक्रोमेश (गिअर बदलताना चक्रांची गती जुळवणारी रचना) आहे, म्हणून गिअर टाकताना होणाऱ्या खरखरीला जुनी गाडी आहे असे म्हणून माफी देऊ नये. आधीच्या सिरीजमध्ये पहिला आणि दुसरा गिअर सिंक्रोमेशशिवाय असे, तिथे डबल क्लच करणे (न्यूट्रलमध्ये थांबून क्लच दोनदा दाबणे) चालकाचेच काम आहे.

फोर बाय फोर जोडून पाहिल्याशिवाय गाडी घेऊ नये, हे सांगायला नको असे वाटते, पण विकत घेणारे कित्येक लोक ते पाहतच नाहीत. ही परीक्षा खडी, माती किंवा गवतावर करावी. कोरड्या डांबरावर करू नये. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना) नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि रस्ता घसरू देत नसेल तर तो सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर साठत जातो. लँड रोव्हरमध्ये पिवळी मूठ खाली दाबली की हाय गिअरमध्ये चारही चाके जोडली जातात, आणि लाल दांडा मागे ओढून लो गिअर घेतला की ती आपोआप जोडली जातात. दोन्ही करून पाहावे, आणि पुन्हा टू व्हीलमध्ये ती सहज सुटते का, तेही पाहावे. पुढच्या चाकांना फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून मोकळे करणारे किंवा त्याला जोडणारे) बसवलेले असतील तर ते हाताने फिरवून लॉक होतात का, हे आधीच तपासावे.

घरबसल्या करण्यासारखी परीक्षाही आहे. सपाट जागी इंजिन बंद ठेवून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी घट्ट ओटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायचा ठोकळा) लावावी, गाडी गिअरमध्ये टाकावी, फोर बाय फोर जोडावे, हब लॉक करावेत आणि पुढचे एक चाक उचलावे. ते चाक हाताने थोडे हलून अडले पाहिजे. मोकळे फिरत राहिले तर हब, हाफ शाफ्ट किंवा ट्रान्स्फर केस (शक्ती दोन्ही ॲक्सलना वाटणारी गिअरची पेटी) यांपैकी काहीतरी काम करत नाही. थोडे म्हणजे किती हलते, तीच तुमच्या शाफ्टच्या सांध्यांची (क्रॉस, स्प्लाइन) आणि डिफरेन्शियलची एकत्रित झीज.

त्याच वेळी चाक वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंगपिन किंवा स्विव्हलचे (चाक ज्याच्यावर वळते त्या सांध्याचे) बेअरिंग झिजले आहे. लँड रोव्हरच्या पुढच्या चाकांमागे चकचकीत धातूचे मोठे गोळे दिसतात. त्यांच्यावर खड्डे पडले असतील तर नवे सील टाकूनही तेल गळतच राहते. एफजे४०मध्ये तिथे ग्रीस असते. ते पातळ होऊन चाकाच्या आतल्या बाजूने ओघळत असेल तर ॲक्सलमधले सील गेले आहे आणि डिफरेन्शियलचे तेल ग्रीसमध्ये मिसळते आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण घरी करता येते, म्हणून मी ते सौद्याच्या खात्यात टाकतो.

प्रतिसाद: नंबरपट्टी

यांत्रिक बाजू वर उत्तम आलेली आहे. मी एवढेच म्हणेन की हातोडी काढण्यापूर्वी नंबर पाहावा. चासीवर ठोकलेला क्रमांक, पट्टीवरचा क्रमांक आणि नोंदणीच्या कागदावरचा क्रमांक हे तिन्ही अक्षरशः एक असले पाहिजेत. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा, एका ओळीत न बसणारे आकडे किंवा पट्टीला नवे रिव्हेट दिसले तर समाधानकारक खुलासा मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत. कागद नीट नसलेली उत्तम गाडी तुम्हाला ना रस्त्यावर आणता येते ना पुढे विकता येते.

इंजिन बदललेले असणे या वयाच्या गाडीत नेहमीचे आहे. तो बदल नोंदणीत चढवलेला आहे का आणि तुमच्या भागातील नियमांना तो चालतो का, हे आधी विचारावे. चासी बदललेली असेल तर जुन्या चासीचे काय झाले, नव्या चासीचे बिल कुठे आहे आणि क्रमांक कोणत्या नियमाने आला, हे सगळे लेखी हवे. जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी रीतसर कागदांसह बसवलेली असेल तर मूळपणाचा आग्रह नसलेल्या तुमच्यासारख्या माणसाने तिला नाके मुरडू नयेत. ती सडलेल्या मूळ चासीपेक्षा कितीतरी चांगली.

जुन्या गाडीची ओळख नावावरून न करता धातूवरून करावी. महायुद्धातली जीप म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्या दोन-तीन गाड्यांचे भाग एकत्र करून केलेल्या असतात. विलीस एमबीच्या चासीचा पुढचा आडवा भाग गोल नळीचा असतो, तर तिच्याच जोडीने बनलेल्या फोर्ड जीपीडब्ल्यूचा तो भाग उलट्या यू आकाराचा असतो. लष्करी जीपच्या समोरच्या जाळीत ९ फटी असतात, युद्धानंतरच्या नागरी सीजे गाड्यांच्या जाळीत ७. सात फटींची जाळी आणि युद्धकाळाची किंमत असे एकत्र आले तर प्रश्न विचारावेत. तुम्ही पाहत असलेल्या गाड्यांना हे लागू नाही, पण शोध चालू राहिला तर उपयोग होईल.

कच्ची_वाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही गाड्या पुन्हा पाहून आलो. दोन्हींचे क्रमांक कागदांशी जुळतात.

लँड रोव्हरच्या चासीवर मालकांनी हातोडी मारू दिली. मुख्य तुळया चांगल्या वाजल्या, मात्र मागची आडवी तुळई एका बाजूला बद्द वाजली आणि तिथला काळा थर पेचकसाने सोलल्यावर खाली थिगळ निघाले. दुसरी गोष्ट अशी की खडीवर लो गिअरमध्ये गाडी सरळ जातानाही अडखळत होती, मागची चाके खडी उडवत होती आणि टू व्हीलमध्ये परत येताना दांडा फार जोराने ओढावा लागला. महामार्गावर गाडी निवांत पळावी म्हणून मागचे डिफरेन्शियल पूर्वीच बदलले होते, असे मालक म्हणाले.

एफजे४०च्या सहा सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला हवेचा दाब) एका जाणकाराकडून मोजून घेतले. पाच सिलिंडरांत १३५ ते १४२ पीएसआय आले आणि तिसऱ्यात ९०. तिची चासी सगळीकडे खणखणीत वाजली. मॅट उचलल्यावर चालकाच्या पायाखालची जमीन एका कोपऱ्यात गेलेली आढळली. या दोन्हींचा अर्थ कसा लावावा?

प्रतिसाद: मंदगिअर

लँड रोव्हरचे कोडे तुमच्या शेवटच्या वाक्यातच उलगडते. सिरीज गाड्यांच्या डिफरेन्शियलचे प्रमाण ४.७ असते, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.७ फेरे. रेंज रोव्हरचे ३.५४ प्रमाणाचे डिफरेन्शियल त्याच ॲक्सलमध्ये बसते, म्हणून वेग वाढवण्यासाठी लोक ते बसवतात. दोन्ही ॲक्सलना बसवले तर काही बिघडत नाही. फक्त मागे बसवले तर एकाच गतीने फिरणारे दोन प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत शक्ती पोहोचवणारे लांब दांडे) पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरवू पाहतात, आणि सरळ रेषेतही गाडी स्वतःशीच झगडत राहते. तुम्ही सांगता ती लक्षणे नेमकी तीच आहेत.

खात्री करून घेणे सोपे आहे. पुढची चाके ओटी लावून पक्की करावीत, गाडी न्यूट्रलमध्ये आणि टू व्हीलमध्ये ठेवावी, मागचे एकच चाक उचलून घोडीवर टेकवावे आणि हँडब्रेक सोडावा. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो, म्हणून तो ओढलेला असताना मोजता येणार नाही. आणि त्याच कारणाने मागचे एक चाक उचललेली गाडी हँडब्रेकच्या भरवशावर कधीही सोडू नये. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने केलेली खूण किती फेरे फिरते ते मोजावे. पावणेपाचच्या किंचित आत आले तर ४.७, साडेतीनच्या आसपास आले तर ३.५४. पुढे हेच करताना हब लॉक ठेवावेत आणि मागची चाके ओटी लावून धरावीत. एफजे४०चेही असेच मोजून घ्यावे. तिथे वर्षानुसार ४.११ किंवा ३.७० आढळते, आणि पुढे-मागे एकच आकडा हवा.

पुढचेही डिफरेन्शियल जुळते बसवले की हा दोष जातो. पण या जोडीने फोर बाय फोर किती वापरले गेले, हे कुणी सांगू शकत नाही. ट्रान्स्फर केसचा ड्रेन प्लग उघडून तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. तळाशी मऊ करडा गाळ असेल तर ती वयाची झीज आहे. दातांचे तुकडे किंवा बोटाला टोचणारा चुरा निघाला तर ट्रान्स्फर केस उघडण्याचा खर्च धरावा. तेल दुधाळ असेल तर पाण्यातून जाताना पाणी आत गेले आहे, आणि मग ॲक्सलवरच्या श्वासनळ्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) तुंबल्या आहेत का, तेही पाहावे.

एफजे४०च्या इंजिनाविषयी. पाच सिलिंडर इतके जवळजवळ असताना एकच खाली असणे हे एकूण झिजलेल्या इंजिनाचे लक्षण नाही. तिसऱ्या सिलिंडरात स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा बराच वर गेला तर रिंगचा दोष, जागच्या जागी राहिला तर व्हॉल्व्हचा. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र खाली असते तर मी त्यांच्यामधल्या गॅस्केटकडे बोट दाखवले असते, इथे तसे नाही. मोजण्यापूर्वी टॅपेटची फट तपासली होती का, हेही विचारावे, कारण फट उरलेली नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि नुसत्या जुळवणीने आकडा परत येतो. व्हॉल्व्हच निघाला तरी हेड उतरवून ते काम होते. आयडलिंगची थरथरही यातूनच येत असावी.

प्रतिसाद: जुनापत्रा

मंदगिअर यांनी माझ्या एफजे४०च्या मताला लावलेली मर्यादा मला मान्य आहे, आणि तुमच्या पायाखालच्या भोकाने ती खरीही ठरवली. तरीही दोन्ही तपासण्या शेजारी ठेवल्यावर मी एफजे४० घेईन. खणखणीत चासी आणि सलग बिले हे भांडवल मोठे आहे. जमिनीचा कोपरा, मागचे कोपरे आणि एक सिलिंडर यांचा अंदाज पत्र्याच्या कारागिराकडून आणि इंजिनवाल्याकडून लेखी घ्यावा व तो मालकांपुढे ठेवून किंमत बोलावी. लँड रोव्हरची मागची तुळई तयार मिळते आणि ती बदलणे अशक्य नाही. पण एका थिगळावर काळा थर मारला गेला आहे, तर तो आणखी कुठे कशावर मारला आहे, हे संपूर्ण थर खरवडल्याशिवाय कळणार नाही, आणि विकत घेण्यापूर्वी तेवढे करू देणारा मालक मिळणे कठीण. मालकांनी ते मान्य केले तर माझे मत बदलू शकते.

ब्रेकविषयी इथे फार कुणी लिहिले नाही, म्हणून थोडे सांगतो. जुन्या ड्रम ब्रेकचे चाकातले सिलिंडर गळतात आणि ते तेल अस्तरात मुरते. गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढत असेल तर आधी तेच पाहावे. रबरी नळ्यांवर बारीक चिरा असतील तर त्या बदलल्याशिवाय गाडी चालवू नये, कारण अनेक जुन्या गाड्यांत ब्रेकचा एकच मार्ग असतो आणि एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. त्या काळच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे; ओल्या फडक्याने ती पुसून फडके बंद पिशवीत टाकावे.

टायरची खोल नक्षी पाहून समाधान मानू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे दिसले तर टायर २००० पूर्वीचा आहे आणि त्यावर गाडी रस्त्यावर नेण्याचा विचारही करू नये. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर डिफरेन्शियल जुळलेले असूनही फोर बाय फोरमध्ये तोच झगडा पुन्हा सुरू होतो.

सौदा झालाच तर गाडी ट्रेलरवर घालून घरी आणावी. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही ॲक्सल यांचे तेल, ब्रेकचे तेल, इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या आणि पंख्याचा पट्टा एवढे बदलल्यानंतरच पहिला लांबचा फेरा मारावा. काढलेले प्रत्येक तेल वेगळ्या भांड्यात ठेवून त्यावर जागेचे नाव लिहावे आणि उजेडात पाहावे. तिसऱ्या सिलिंडराचा दुसरा आकडा आला की इथे कळवा, म्हणजे हेड उतरवायचे की नुसती फट जुळवायची, ते सांगता येईल.